फळीवर परत ठेवलेला खोका

आमच्या एका मासिक बैठकीत मी बोलण्याच्या ओघात एक प्रसंग सांगितला. त्यावर जी चर्चा झाली, तिने मी अस्वस्थ झालो. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर सवडीने आणि जरा कठोरपणे द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रसंग असा. माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. मुले ज्यांना ट्रान्सफॉर्मर्स म्हणतात, ती रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांची खेळणी जमवण्याचा त्याला नाद आहे. हुमनाबादच्या त्यांच्या जुन्या घरात भिंतीतल्या ज्या कोनाड्यांत एकेकाळी दिवे ठेवले जात, तिथे आज अशी एकवीस खेळणी ओळीने उभी आहेत. त्याच्या वाढदिवसाला आम्ही दोघे कलबुर्गीला गेलो. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्याने फळीवरचा एक खोका उचलला, उजेडाकडे धरला, झाकणाच्या चिकटपट्टीवरून नख फिरवले, आतल्या यंत्रमानवाच्या खांद्याकडे निरखून पाहिले. मग तो खोका होता तिथे ठेवला आणि त्याच्या मागचा दुसरा घेतला. मी पैसे दिले. आम्ही बाहेर पडलो.

परतताना बसमध्ये तो म्हणाला, "मामा, त्या पहिल्या खोक्यात दुसरंच होतं. कुणीतरी चांगलं काढून घेऊन हलकं भरलंय."

"मग दुकानात सांगितलं का नाहीस?"

"आपल्याला चांगला मिळाला की."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. 'नजर आहे हो पोराला,' असे काहीतरी म्हणालोही. बस बरीच पुढे गेल्यावर मला आठवले की आम्ही दुकानात होतो तेव्हा त्याच फळीपुढे एक गृहस्थ उभे होते. डोक्याला पटका, बोटाला धरलेले सहा-सात वर्षांचे लेकरू. त्यांनी पोऱ्याला किंमत विचारली होती आणि कनवटीची पिशवी चाचपली होती. बस थांबवून परत जावे, असे मला वाटले. मी गेलो नाही. आठ दिवसांनी दुसऱ्या कामासाठी कलबुर्गीला गेलो, तेव्हा वाकडी वाट करून त्या दुकानात डोकावलो. खोका नव्हता. मालकांना हकीकत सांगितली. ते हसले. "विकला गेला, सर. लेकराच्या जिनसाला एवढं काय बघलालाव?"

बैठकीत मी एवढेच सांगितले. त्यावर दोन प्रकारची मते पडली. काहींना प्रसंग क्षुल्लक वाटला. परदेशी कंपनीचे प्लास्टिकचे खेळणे, त्यात खरे काय नि खोटे काय, असा त्यांचा सूर होता. इतरांनी भाच्याच्या चिकित्सक दृष्टीचे मनापासून कौतुक केले. माझा विरोध दोन्ही मतांना आहे, पण अधिक विरोध कौतुकाला आहे.

आधी क्षुल्लकपणाचा आक्षेप घेऊ. या खेळण्यांचा उगम जपानमध्ये आहे. टाकारा या कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या मालिकांतली खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने घेतली, त्यांना नावे, स्वभाव आणि एक कथा दिली आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स या नावाने बाजारात आणली. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना त्यांची ओळख झाली ती २००७ च्या चित्रपटापासून. खेळण्याची गंमत त्याच्या बांधणीत आहे. यंत्रमानवाची छाती मोटारीचे तोंड होते, दंड दरवाजे होतात, पाय मागची चाके होतात. आणि हे सर्व एकही भाग न काढता, न जोडता. सांधे कोणत्या क्रमाने फिरवायचे हे न उमगले तर मोठी माणसेही हात टेकतात. आमच्या लहानपणी बहुरूपी दारी येई. आज तो फौजदार असे, उद्या साधू. पण दोन्ही वेळी माणूस तोच, हे आम्हां मुलांना ठाऊक असे. मजा त्या ठाऊक असण्यातच होती. या खेळण्याचीही जात तीच आहे.

अशा खेळण्यातले बारकावे ओळखणे हे सोपे काम नाही. १९८४ च्या पहिल्याच मालिकेत स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प अशी तीन विमाने होती. तिन्ही एकाच साच्यातली. फरक रंगाचा आणि चिन्हांचा. जो फरक दुकानदाराला 'रंग वेगळा, बाकी एकच' एवढाच वाटतो, तो मुलाला तीन वेगवेगळ्या पात्रांचा वाटतो. नकला इतक्या बोकाळल्या की १९८५ मध्ये कंपनीला खेळण्यांवर उष्णतेने रंग बदलणारी छोटी चिकटचित्रे लावावी लागली. त्यावर बोट घासले की पात्राच्या पक्षाचे चिन्ह उमटे, आणि ते उमटले तर खेळणे अस्सल. खरेखोटे ठरवण्याचा अधिकार कंपनीने मुलाच्या बोटाला दिला होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जो मुलगा साच्यावर कोरलेली अक्षरे वाचतो, सांध्याची पकड पाहतो, हत्याराचा रंग आणि मुठीचे भोक जुळते का ते तपासतो, तो आपल्या बीदरच्या जुन्या कसबी माणसांच्याच कुळातला आहे. बिदरी कामाचे भांडे हातात घेऊन जस्त-तांब्याच्या मिश्रणाचे वजन अजमावणारा, चांदीची तार खोबणीत बसली आहे की नुसती वर तरंगते आहे हे बोट फिरवून सांगणारा, किल्ल्यातल्या मातीने आणलेला काळा रंग आणि नुसता फासलेला काळा रंग यांतला भेद जाणणारा माणूस आपण आदराने पाहतो. २०२३ मध्ये बीदरच्या शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने त्या कसबाविषयी लिहिले. मग तीच नजर प्लास्टिकवर पडली की ती पोरखेळ कशी ठरते? वस्तू स्वस्त असेल. नजर स्वस्त नाही.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण बैठकीत त्याचा घोळ झाला. नक्कल वेगळी आणि अदलाबदल वेगळी. माणिकनगरच्या दत्तजयंतीच्या जत्रेत, हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराच्या जत्रेत, कलबुर्गीला शरणबसवेश्वरांच्या यात्रेत गोधडीवर मांडलेले रंगीबेरंगी रोबो मिळतात. त्यांचे हात दोन दिवसांत निखळतात. पण तो विक्रेता काही लपवत नाही. खेळणे उघडे समोर असते, किंमत त्याच्या लायकीची असते आणि घेणाऱ्याला आपण काय घेतो हे माहीत असते. २०२१ च्या १ जानेवारीपासून खेळण्यांना मानक संस्थेची खूण सक्तीची झाली आहे. त्या कायद्यापुढे हा माल टिकत नाही आणि लेकराच्या तोंडात जाणाऱ्या रंगासाठी तो कायदा असायलाच हवा. तथापि जत्रेतला रोबो सदोष असला, तरी सोंग घेऊन आलेला नसतो.

अदलाबदलीची रीत निराळी आहे. एखादा इसम महाग खेळणे विकत घेतो. घरी नेऊन खोका अलगद उघडतो, आतले खेळणे काढतो आणि त्या जागी जुने, मोडके किंवा त्याच आकाराचे हलके खेळणे बांधतो. झाकण पुन्हा चिकटवतो आणि 'मुलाला आवडलं नाही' म्हणून दुकानात परत करतो. दुकानातला माणूस खोक्याचे वजन हातात घेतो, पावती पाहतो आणि खोका फळीवर ठेवतो. खऱ्या खेळण्यात रूप बदलते आणि वस्तू तीच राहते. येथे रूप तेच राहते आणि वस्तू बदलते. हा प्रकार देशोदेशी चालतो. हॅस्ब्रोने २०१९ मध्ये खोक्यांतले प्लास्टिक हद्दपार करण्याचे जाहीर केले. हेतू चांगला होता. पण पारदर्शक खिडक्या गेल्या, काही खोके पूर्ण बंद झाले, काहींना नुसती उघडी भोके उरली. आत काय आहे ते दिसेना, किंवा हात सहज आत जाऊ लागला. संग्राहकांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये कंपनीने आपल्या काही मालिकांना खिडक्या परत देण्याचे ठरवले.

कोणी म्हणेल, कारखान्यातूनही चुका होतात. होतात. १९८४-८५ च्या सुमारास बंबलबी आणि क्लिफजंपर यांच्या वेष्टनांत भलतीच एक छोटी मोटार विकली गेली. तिला अधिकृत नावही नव्हते. संग्राहकांनी तिला दोघांच्या नावांची सांगड घालून बंबलजंपर म्हटले आणि आज ती मोलाने घेतली जाते. पण त्या घोटाळ्यात घेणाऱ्याला जे मिळाले, ते कंपनीचेच नवे, साबूत खेळणे होते. कोणी स्वतःसाठी काही काढून घेतलेले नव्हते. अदलाबदलीत मात्र एकाच्या घरी जे वाढते, तेच दुसऱ्याच्या घरी कमी होते.

आता कौतुकाकडे येतो. हा बदल कोण करू शकतो? ज्याला खेळणे कळत नाही, त्याचे हे काम नव्हे. कोणते खेळणे कोणत्या खोक्यात खपेल, कोणता सांधा कोणाच्या लक्षात येणार नाही, हे जाणणारा म्हणजे बहुधा संग्राहकच. खोटे ओळखायला जे ज्ञान लागते, नेमके तेच ज्ञान खोटे करायला लागते. तेव्हा नुसत्या जाणकारीचे कौतुक करताना आपण काय करतो आहोत याचे भान हवे. नजर हा गुण नाही. नजर हे साधन आहे. तिचे पुढे काय होते त्यावर तिची किंमत ठरते.

माझ्या भाच्याच्या नजरेचे पुढे काय झाले? त्याने खोटा खोका ओळखला आणि फळीवर परत ठेवला. म्हणजे त्याच्या ज्ञानाने एकाच घराचे रक्षण झाले, आणि ते घर आमचे होते. खोटा खोका दुकानातून कमी झाला नाही. उलट आम्ही खरा नेल्यामुळे फळीवरचे खोट्याचे प्रमाण वाढले. पुढच्या गिऱ्हाईकाला तो मिळण्याची शक्यता आम्ही येऊन गेल्याने वाढली, हे साधे गणित आहे. आणि पुढचे गिऱ्हाईक कोण असणार? आम्हांसारखाच दुसरा जाणकार आला तर तोही उजेडात धरून खोका परत ठेवील. असे करत करत जाणते सगळे निसटतात आणि तो खोका अखेर अशाच माणसाच्या हातात पडतो, ज्याला तो ओळखता येत नाही. ज्याने बदल केला, त्याचा सावज निवडण्याचा त्रास प्रत्येक मूक जाणकार वाचवतो. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे: ओळखून गप्प बसणारा हा त्या लबाडीचा अर्धा भागीदार आहे. त्या दिवशी भाचा अजाण होता. पाठीवर थाप मारणारा मी अजाण नव्हतो.

यावर तीन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, माल तपासणे हे दुकानदाराचे काम आहे. आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पावती न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारप्रथा ठरवल्या आहेत. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांची मुदत धरली जाते. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, त्यानंतर इतक्या वर्षांनी एवढे हक्क आपल्या पदरात आहेत. परंतु कायदा ज्याला फसवणूक कळली त्यालाच उपयोगी पडतो. ज्याला आपण फसलो हेच कळले नाही, तो कोणत्या मंचापुढे जाणार? त्याचे लेकरू म्हणेल, "ह्याची गाडी होत नाही." बाप म्हणेल, "तुला जमत नसंल." मूल दिवसभर सांधे पिरगाळील, एक पाय मोडील आणि वर मारही खाईल. चित्रात आहे ते हातात नाही, हे त्या मुलाचे म्हणणे खरे असते. पण घरात खोटे तेच ठरते. या प्रकरणात चोरीला जाते ते एवढे. त्याची भरपाई कोणत्याही पावतीवर मिळत नाही.

दुसरे उत्तर असे की, पोराचे कोण ऐकतो? हे मात्र आपल्यावरच उलटणारे उत्तर आहे. पोराचे ऐकले जात नसेल, तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मामाने तोंड उघडावे. मी तिथे होतो. पांढरे केस आणि चष्मा यांचा जगात काही उपयोग असेल, तर तो अशाच वेळी.

तिसरे उत्तर कोणी उघड देत नाही, पण आपल्या भागात खरे उत्तर तेच आहे: कशाला भानगडीत पडा? आपण सीमाभागातली माणसे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपली गावे ज्या राज्यात आली, त्या राज्यात आपण नांदतो आहोत. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, खोक्यावर इंग्रजी. तक्रार करायची तर ती कोणत्या भाषेत करायची, इथपासून आपली अडचण सुरू होते. चुकीचे व्याकरण बोलून हसू होण्यापेक्षा गप्प बसून दुसरा खोका उचलणे आपल्याला सोयीचे वाटते. ही सवय मला परकी नाही. माझा जन्म तिच्यात गेला. पण औराद किंवा आळंदच्या खेड्यातून वर्षातून एकदा शहरात येणारा बाप कानडी असो, लमाणी असो की मराठी, त्याची अडचण आपल्याहून मोठी आहे. आपल्या संकोचाची किंमत तो भरतो. भाषेच्या हक्कासाठी ठराव करणाऱ्या आपणांस मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये 'ह्यात दुसरा माल आहे' एवढे एक वाक्य शेजाऱ्यासाठी बोलता येऊ नये, हे मला लाजिरवाणे वाटते.

आणि हे केवळ खेळण्यांच्या दुकानापुरते नाही, म्हणून तर मी ते या अंकात लिहितो आहे. आपल्यापैकी कित्येकजण दोन-तीन भाषा वाचतात. कन्नडमधली कथा नावे बदलून मराठीत 'स्वतंत्र' म्हणून आली, तर ती आपल्या नजरेतून सुटत नाही. आपण काय करतो? दोघा-तिघांत हसतो, पुस्तक मिटतो आणि फळीवर परत ठेवतो. परीक्षण लिहायची वेळ आली तर 'वाचनीय' म्हणतो. मूळ लेखकाचे नाव ज्याला कधी कळणार नाही असा तालुक्याच्या ग्रंथालयातला वाचक ते पुस्तक घरी नेतो. आपल्या जाणकारीचा त्याला काय उपयोग झाला? खोट्या पुस्तकावर गप्प राहणाऱ्या मंडळाने एका पोराच्या चिकित्सेचे कौतुक करावे, यात मला विनोद दिसला नाही.

मला संग्राहकांविषयी राग नाही. वस्तू नीट पाहणारी, तिची निगा राखणारी, एका स्क्रूच्या डोक्यावरून वर्ष सांगू पाहणारी मुले मला प्रिय आहेत. त्यांनी आपली विद्या घरच्या कोनाड्यापुरती ठेवू नये, एवढीच अपेक्षा आहे. करायचे ते फार थोडे आहे. संशय आला तर खोका फळीवर न ठेवता गल्ल्यावर नेऊन ठेवावा. 'हा उघडून पाहा' म्हणावे. चिकटपट्टी दुहेरी आहे, दोरी कापून पुन्हा बांधली आहे, चित्रातले हत्यार आत नाही, हे बोटाने दाखवावे. दुकानदार चिडला तर चिडू द्यावा. तोही यात फसलेलाच आहे, हे त्याला सांगावे. परत आलेला माल दोघांसमोर उघडूनच घ्या, असे सुचवावे. आणि शेजारी कोणी पटकेवाला पिशवी चाचपत उभा असेल, तर न विचारता त्याला सांगावे की पाव्हणं, तो नको, हा घ्या.

भाच्याने आणलेले ते खेळणे कोनाड्यात बाविसावे म्हणून उभे आहे. अस्सल आहे, सांधे घट्ट आहेत, गाडी सुरेख होते. बैठकीनंतर मी त्याला सगळे सांगितले, त्या गृहस्थांचेही. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "मामा, ते लेकरू कुठल्या गावचं होतं?" मला सांगता आले नाही. मी विचारलेच नव्हते.